पहाटेचा काजवा

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला मिठाईच्या दुकानाचे मालक उराबे गेन्झो चिगुसाच्या कढईपाशी यायचे, लाकडी चमच्याच्या टोकावर वाटाण्याएवढं पुरण घ्यायचे, डोळे मिटून जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बादलीत." मग चिगुसाने स्वतःच्या हातांनी ती अख्खी कढई बादलीत ओतायची आणि दुपारी गल्लीच्या टोकाचा डुकरंवाला ती बादली घेऊन जायचा. अख्ख्या क्योतोत सगळ्यात लाडावलेली डुकरं त्याची आहेत, असं स्वयंपाकघरातली ताकीमावशी म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

अगदी रोजच जायचं असंही नाही, उगाच खोटं कशाला बोला. वर्षातून पाच-सहा वेळा मालक "हं" म्हणायचे आणि त्या दिवशी चिगुसाचं पुरण दुकानाच्या मिठाईत जायचं. त्या एका "हं"वर ती दोन-दोन महिने काढायची. माणूस कशावर जगेल काही सांगता येत नाही.

ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. उत्तरेकडच्या समुद्रकाठची, बांगडे वाळवणाऱ्यांच्या घरातली. शाळेच्या सहलीत तिने उराबेंच्या दुकानात काचेमागे एक मिठाई पाहिली होती. पांढरी गोल, मधोमध एक बारीक चीर, आणि चिरेतून डोकावणारा हिरवा ठिपका. बर्फाखालून वर येणारं पहिलं गवत. तिच्या गावात बर्फ चार-चार महिने हलायचं नाही, त्यामुळे ते गवत तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ती तिथेच रडली, मैत्रिणी हसल्या, आणि पाच वर्षांनी गाठोडं घेऊन ती त्याच दारात येऊन उभी राहिली.

मालकांनी तिचे तळवे उलटसुलट करून पाहिले, बाजारात मुळा बघतात तसे.

"बाईचे हात ऊन असतात," ते म्हणाले. "त्यात हे मासळीचे. वास सात जन्म जायचा नाही."

"घासून घासून घालवीन, मालक."

"घालव. मग बघू."

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं मासळीवाली. चिगुसा हे नाव त्या घरात फक्त ताकीमावशीच्या तोंडी होतं. मालकांनी ते दहा वर्षांत एकदाही घेतलं नाही.

पहिली तीन वर्षं भांडी. पुढची दोन वर्षं घेवडा निवडायचा, एकेक दाणा दिव्यासमोर धरून. मग कढई मिळाली. आता हे खरं, की या कामात हात गार लागतात; ऊन हातात पुरण सुटतं, त्याला घाम फुटतो, पाकळीची धार राहत नाही. पण आधीचे दोन कारागीर हात एकदा पाण्यात बुडवून कामाला बसायचे. चिगुसाने मात्र थंडीतसुद्धा विहिरीच्या पाण्यात हात घालून शंभर आकडे मोजायचे, तेही मोठ्याने, म्हणजे मालकांना आत ऐकू येईल. बोटं सुजायची, मग फुटायची. एकदा भेगेतून रक्ताचा थेंब पांढऱ्या पुरणावर पडला. मालकांनी बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुरणाकडे बघून म्हणाले, "गुलाबी रंग कोणी सांगितला होता तुला?"

त्या रात्री तिने गाठोडं बांधलं आणि सकाळी सोडलं. कारण पडदा. या धंद्यात जो दहा वर्षं टिकतो त्याला मालक आपल्या दुकानाचा पडदा देतो. तोच निळा रंग, तेच पांढऱ्या अक्षरातलं घराण्याचं नाव, फक्त दुसऱ्या दारावर टांगायचा. पडदा मिळाला की तुम्ही मिठाईवाले. नाही मिळाला तर हात सोन्याचे असोत, तुम्ही कोणाचे तरी हाताखालचे. आधीच्या दोघांना आठव्या वर्षी मिळाला होता. दोघेही पुरुष, दोघेही कामात तिच्यापेक्षा डावे. चिगुसाचं दहावं वर्ष चालू होतं आणि मालक पडद्याचा प काढत नव्हते.

फेब्रुवारीत एका सकाळी ती विहिरीवरून आत आली तर कारखाना धुराने भरलेला. दुकानाचं पुरण मालक स्वतः करायचे; ते तळाला लागून कोळसा झालं होतं. करपट वास गल्लीपर्यंत गेला होता. ताकीमावशी नाक दाबून, "अगंबाई, घर पेटलं की काय!" म्हणत धावत आली होती. आणि मालक कढईपासून दोन हातांवर पाठमोरे बसून लाकडी साचा पुसत होते, शांतपणे. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे वळले.

"विस्तव मोठा कोणी केला?" ते ओरडले.

विस्तव त्यांनीच केला होता. चिगुसा म्हणाली, "चुकलं, मालक." पण तिच्या डोक्यात काहीतरी खट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या कढईत मूठभर मीठ घातलं. मालक दहाला आले. चमचा, डोळे मिटणं, सगळं साग्रसंगीत झालं. डोळे उघडून त्यांनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"गोडी जास्त. बादलीत."

"हो, मालक."

दुपारी डुकरंवाला तक्रार घेऊन आला, की बादली खारट होती, आज जनावरांनी तोंड लावलं नाही.

मागीलदारी दगडावर बसून चिगुसाने हिशेब लावला. तीन हिवाळ्यांपूर्वी मालकांना मोठा ताप आला होता, वीस दिवस. उठले ते नाक आणि जीभ अंथरुणातच ठेवून उठले. म्हणजे तीन वर्षं हा माणूस तिचं पुरण तोंडात घालत होता आणि त्याला माती कळत नव्हती. तीन वर्षांच्या बादल्या. त्यातल्या कितीतरी कढया सुंदर होत्या. तिला माहीत होतं की त्या सुंदर होत्या, आणि तरी तिने रात्र-रात्र स्वतःच्या जिभेला शिव्या दिल्या होत्या. आणि वर, गेल्याच आठवड्यात, "हाताला अजून मासळीचा वास येतोय." कुठल्या नाकाला येतोय रे, थेरड्या? ती हसायला लागली आणि हसता हसता तिला उलटी झाली.

"काय गं पोरी, कोणाचं पाप पोटात आहे?" ताकीमावशीने विचारलं.

"मालकांचं," चिगुसा म्हणाली. ताकीमावशी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढचं मात्र चिगुसाने तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. असली गोष्ट हातात आली की ती लगेच खर्च करायची नसते, एवढं क्योतोत दहा वर्षं राहून तिला कळलं होतं.

मे महिन्यात ताकीमावशीनेच बातमी आणली. "मालक रंगाऱ्याकडे दोनदा जाऊन आले. नवा पडदा रंगतोय म्हणे."

चिगुसाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "कोणासाठी?"

"मला काय सांगतात ते? पण पुतण्या येऊन गेला ना मागच्या रविवारी. शुन्साकु. ओसाकाच्या बँकेतला. रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं, बाई."

"त्याला घेवडा आणि खडा वेगळा ओळखता येत नाही, मावशी."

"ओळखायला तू आहेस की. तो पडद्यासमोर बसेल, तू पडद्यामागे."

मावशी काही दुष्ट नव्हती. तिला जे दिसत होतं ते ती बोलली. पण ते ऐकून चिगुसाच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्या दिवसापासून ती मालकांच्या वाईटावर टपून बसली. एकच वाईट, मोठं, चारचौघांत. मालकांची जीभ मेली आहे हे एकदा गावाला कळलं की दुकानात चव कळणारं माणूस एकच उरतं. मग पडदा पुतण्याच्या हातात द्यायची कोणाची छाती होते ते बघू, असा तिचा विचार.

संधी चालत आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोगानोबाईंकडे चहाचा मोठा समारंभ असायचा. पंचवीस पाहुणे, सगळे जुन्या घराण्यांतले, ज्यांच्या जिभा तीनशे वर्षांच्या. त्या घरात प्रत्येक समारंभाचं पान लिहिलं जायचं: भिंतीवर कोणतं चित्र, पेला कोणता, मिठाई कोणती, कोणाच्या हातची. ती पानं पेटीत जपून ठेवायचे, नातवंडं-पतवंडं काढून वाचायची. उराबे घराण्याचं नाव त्या पेटीत पाच पिढ्या होतं.

यंदा मालकांनी काजवा करायचं ठरवलं. काजवे यायला अजून दहा दिवस होते, म्हणजे वेळ अगदी बरोबर; मिठाईने ऋतूच्या एक पाऊल पुढेच चालायचं असतं, काजवे उडायला लागल्यावर काजवा करणारा तो अडाणी. आत पांढऱ्या घेवड्याचं पुरण, संध्याकाळच्या निळ्या रंगात मळलेलं, त्यावर पिवळा एकच कण, आणि वरून कंदाच्या सत्त्वाचं पातळ पारदर्शक कवच. कवचातून तो कण अंधुक दिसला पाहिजे.

"या कामाला तू हात लावायचा नाहीस," आदल्या दिवशी सकाळी मालक म्हणाले. "निवडण्यापासून सगळं मी करणार. तू लांब उभी राहायचं."

"मी रंग घोटू का?"

"लांब म्हणजे लांब. ऐकू येत नाही? कानात बांगडे भरलेत?"

मग कागदाची चिठ्ठी पुढे घेत त्यांनी एक विचित्र गोष्ट विचारली. "नाव काय द्यायचं याला? सुचव."

मिठाईला नाव लागतं, चहाच्या खोलीत प्रमुख पाहुणा ते विचारतो. पण दहा वर्षांत मालकांनी तिला नाव विचारलं नव्हतं. चिगुसाच्या तोंडी नाव आलं ते विषात बुडवूनच आलं. "पहाटेचा काजवा," ती म्हणाली. ज्याचा उजेड विझलाय आणि त्याला पत्ता नाही, असा.

मालकांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"बरं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिलं. वळवून, वळणदार.

त्या दुपारी त्यांनी घेवडा शिजवला, सालं काढली, चाळणीवर घासला, पाण्यात निवळवला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, कंबर धरून एकट्याने करत होता. कच्चं पुरण तयार झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि त्यांना उभं राहवत नव्हतं. असं पुरण त्याच दिवशी साखरेत शिजवायचं असतं. जूनच्या दमट हवेत ते ठेवायचं झालं तर दर दोन तासांनी पाणी बदलावं लागतं. एरवी हे चिगुसाचं काम. मालक बादलीवर झाकण ठेवून म्हणाले, "उद्या पहाटे शिजवीन. कोणी हात लावायचा नाही," आणि जाऊन झोपले. चिगुसाही गेली. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

सकाळी सहाला ती आली तेव्हा मालक पांढरे स्वच्छ कपडे घालून बादलीपाशी बसले होते. त्यांनी झाकण काढलं, आणि तीन हातांवर उभ्या असलेल्या चिगुसाच्या नाकात वास घुसला. आंबूस. शिळ्या पेजेचा असतो तसा. अजून फार नव्हता; पण होता, आणि एकदा आंबलेलं पुरण परमेश्वराला गोड करता येत नाही.

मालक बादलीवर वाकले. लांब श्वास घेतला. मग मान वर करून त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिने तोंड कोऱ्या कागदासारखं ठेवलं. दहा वर्षांत एवढं तरी ती शिकलीच होती.

"काय बघतेस? काही बोलायचंय?"

वेळ होता. घेवडा घरात होता, दुपारी दोनपर्यंत मिठाई पोचवायची होती, दोघांनी मिळून कंबर कसली असती तर नवीन पुरण झालं असतं. चिगुसाच्या जिभेवर शब्द आलेसुद्धा. मग तिला शुन्साकु आठवला, पडद्यासमोर बसलेला.

"नाही, मालक. काही नाही."

"हं," मालक म्हणाले.

त्यांनी साखर घातली आणि शिजवायला घेतलं. शिजल्यावर वास दबला. चव दबत नाही. उलथन्याचं टोक जिभेला लावून त्यांनी पुन्हा एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तिने पुन्हा तोच कागद धरला. हात मात्र, काय सांगावं, हात अजून देवाचे होते. एकेक गोळा न मोजता सारख्या वजनाचा. कवच इतकं पातळ की आतली संध्याकाळ हलते आहे असं वाटावं. चिगुसाला क्षणभर सगळं विसरायला झालं आणि ती नुसती बघत राहिली.

ताकीमावशी दारातून डोकावली. "आंबूस कसला वास येतोय गं?"

"तुझ्या लोणच्याच्या पिंपाचा, मावशी. झाकण लाव जरा."

"कधी नव्हे ते लोणचं माझं आंबट लागायला लागलं वाटतं," असं पुटपुटत ती गेली. मालकांनी मान वर केली नाही.

सव्वीस काजवे झाले. त्यातले पंचवीस काजवे लाखेच्या पेट्यांत गेले. सव्विसावा, रीतीप्रमाणे, देवघरात मालकीणबाईंच्या तसबिरीपुढे ठेवला. मालकीणबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मग ठेवणीतले कपडे करून, पेट्या कापडात बांधून, मालक स्वतः घेऊन गेले. ट्राममध्ये पेट्या मांडीवर घेऊन बसायचे ते, कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तोगानोबाई स्वतः आल्या. एरवी पेट्या परत द्यायला मोलकरीण यायची. सत्तरीच्या, बारीक, हसऱ्या बाई. रुसवाफुगवा त्या घराण्यात कोणी कधी केला नव्हता. त्याची गरजच पडायची नाही.

"उराबेसान, काय ती मिठाई!" बसता बसता त्या म्हणाल्या. "डोळ्यांचं पारणं फिटलं. पंचवीस जण, पण एकाच्याही कागदावर कणभर उरलं नाही हो. अगदी शेवटपर्यंत सगळ्यांनी खाल्लं."

"आपली कृपा," मालक वाकले.

"प्रमुख पाहुण्यांनी तर चहा दोनदा मागून घेतला. आमच्याकडे असं आजवर झालं नव्हतं." मग त्या चिगुसाकडे वळल्या आणि फार गोड हसल्या. "आणि ही का ती? फार धीट मुलगी आहे. तुझं नाव आता आम्ही विसरायचे नाही हो, चिगुसासान."

चिगुसाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. माझं नाव कशाला?

तोगानोबाईंनी पेट्यांवर एक घडी घातलेला कागद ठेवला. समारंभाच्या पानाची नक्कल. "पुढल्या महिन्यापासून आमच्याकडे घराची डागडुजी निघतेय," त्या उठता उठता म्हणाल्या, "तेव्हा मिठाई सध्या नको. बराच काळ चालेल असं सुतार म्हणतात. आमच्या वाडवडिलांपासूनचं घर, उराबेसान, काम निघालं की निघालं."

त्यांना दारापर्यंत पोचवून, त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मालक वाकून उभे राहिले. सुतार म्हणजे कायमचा नकार, हे क्योतोत जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

चिगुसाने कागद उघडला. चित्र अमुक. पेला तमुक. मग तिची नजर खाली गेली. मिठाई: पहाटेचा काजवा. नाव दिलं आणि हातांनी केलं: उराबेंची शिष्या चिगुसा.

काळ्या शाईत, जपून लिहिलेलं. याचं मूळ पान आता त्या पेटीत होतं. तिने दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

मालक आत आले. काही न बोलता देवघरात गेले आणि तसबिरीपुढचा सव्विसावा काजवा घेऊन आले. कवच रात्रीत दुधाळ झालं होतं, पिवळा कण आता दिसत नव्हता. त्यांनी तो कागदावर ठेवला, कागद तिच्यापुढे सरकवला, आणि समोर मांडी घालून बसले.

"खा, चिगुसा," ते म्हणाले.

दहा वर्षांत पहिल्यांदा. या हाकेसाठी तिने विहिरीत शंभर मोजले होते.

तिने खाल्ला. कवच तुटलं आणि आंबट, शिळी, जिभेला चिकटून राहणारी चव टाळ्यापर्यंत गेली. ताबडतोब थुंकावं अशी. मालक तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते. तिने चावलं, गिळलं, पुन्हा चावलं, कणभरही उरवलं नाही. तोंड कोरं ठेवलं.

"कसं झालंय?"

"गोड आहे, मालक."

बाहेर ताकीमावशी काहीतरी गुणगुणत तांदूळ धूत होती.

"तापापासून मला काही कळत नाही," मालक म्हणाले. "तुला ते कधी कळलं?"

तिने समोरच्या रिकाम्या कागदाची घडी घातली.

"मीठ घातलं होतंस तेव्हा ना? चोरासारखी उभी होतीस. मला वाटलं साखर जास्त पडली असेल. मिठाचं दुपारी डुकरंवाल्याकडून कळलं." ते किंचित हसले. "तीन वर्षं मी तुझ्या तोंडावरून चव घेतली. तू घाबरलेली दिसलीस की बादलीत. निर्धास्त दिसलीस की हं. तुझी जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे हे मला सहाव्याच वर्षी कळलं होतं. बोललो नाही. आमच्यात बोलत नाहीत." मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "परवा म्हटलं, हिच्या नावाचा पहिला घास आहे, कुठे चूक नको. म्हणून सगळं स्वतः केलं. तोगानोबाईंना सांगितलं, नाव मुलीचं घाला. बादली उघडली तेव्हा तुझ्याकडे पाहिलं. शिजवताना पाहिलं. तेव्हाही तुझं तोंड असंच होतं. आत्ता आहे तसं."

"मालक, मला वाटलं पडदा शुन्साकुला..."

"शुन्साकु?" मालकांना खरोखरच कळेना. "त्या गाढवाला कशाला?"

"माझं चुकलं, मालक. मी जाते तोगानोबाईंकडे. सांगते की मी नाही केलं, तुम्ही केलं होतं. मी पाया पडते त्यांच्या."

"आणि काय सांगशील? आंबलेलं माहीत होतं तरी गप्प बसले, असं सांगशील? की म्हातारा मालक आपलं पाप पोरीच्या नावावर खपवून आला, असं?" ते उठले. कपाट उघडून त्यांनी एक चपटं गाठोडं काढलं आणि तिच्या मांडीवर टाकलं. नव्या निळीचा वास येत होता. त्यांना तो येत नव्हता. "हा तुझा. पंधरा दिवसांपासून तयार आहे."

"नको, मालक. मला नको."

"दहा वर्षं हाच पाहिजे होता ना? घे आता. माझा उतरव, हा लाव. मी आजपासून आत बसणार. दुकान तुझं, पडदा तुझा, नावही तुझं. दार उघड आणि गिऱ्हाइकाची वाट बघ." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने पडदा लावला. तोगानोबाईंकडची गोष्ट तोवर गावभर झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका थांबल्या, वाकल्या, "वा, काय सुंदर निळा रंग आलाय!" म्हणाल्या आणि पुढच्या गल्लीतल्या दुकानाकडे गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या त्यांनी रंगाचंही काढलं नाही. काजव्यांचे दिवस आले, गेले. जूनअखेरची मिठाई काचेमागे मांडलेली तशीच राहिली, मग जुलैची. ताकीमावशी आपलं लोणच्याचं पिंप घेऊन बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "पोरी, त्या दिवशी वास माझ्या लोणच्याचा नव्हता ना गं?" आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

चिगुसा रोज पहाटे उठते. घेवडा निवडते, शिजवते, निवळवते, पाणी बदलते. हात आता पाण्यात बुडवले न बुडवले तरी गारच असतात. दहाच्या ठोक्याला आतून मालकांचा आवाज येतो, "कसं झालंय?"

ती चमच्याच्या टोकावर घेऊन चाखते. उत्तम झालेलं असतं. त्या शहरात इतकं चांगलं पुरण दुसरं कोणी करत नाही.

"गोड आहे, मालक," ती म्हणते आणि कढई उचलून बादलीत ओतते.